पोस्टर आधी, पिक्चर नंतर: मेनाहेम गोलानचा धंदा नेमका चालायचा कसा?

ऐंशीच्या दशकात ज्यांनी भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर मारधाडीचे इंग्रजी पिक्चर बघितलेत त्यांच्या डोळ्यासमोर 'कॅनन' या पिक्चर कंपनीचं नाव अजून असेल, आणि त्याच्या मागोमाग 'गोलान-ग्लोबस'. आम्हाला तेव्हा हे एकाच माणसाचं नाव वाटायचं. ती दोन माणसं आहेत, चुलतभाऊ आहेत, हॉलिवूडची नाही तर इस्रायलची आहेत, आणि त्यातला थोरला म्हणजे मेनाहेम गोलान स्वतः दिग्दर्शक आहे, हे कळायला बरीच वर्षं गेली. तोपर्यंत निन्जा, चार्ल्स ब्रॉन्सन, चक नॉरिस सगळं बघून झालं होतं.

बरेच जण त्याला 'स्वस्तातले फालतू पिक्चर काढणारा' म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. एक तर त्याच्याच देशात तो फार मोठा माणूस होता, आणि दुसरं म्हणजे पिक्चरला पैसा कुठून येतो, जो पिक्चर अजून काढलाच नाही तो आधीच कसा विकतात, त्यात फायदा कुणाचा आणि फास कुणाच्या गळ्याला, हे सगळं या एका माणसाच्या करिअरमधून जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठल्याच पुस्तकात दिसत नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गोलानचा जन्म १९२९ चा, गालिली समुद्राकाठच्या तिबेरिया गावातला. मूळ आडनाव ग्लोबस. १९४८ मध्ये इस्रायल देश झाला तेव्हा त्यानं देशप्रेमापोटी ते बदलून गोलान केलं, धाकट्या चुलतभावानं म्हणजे योराम ग्लोबसनं जुनंच ठेवलं, आणि म्हणून पुढे पोस्टरवर दोन वेगळी आडनावं आली. योरामच्या वडलांचं किर्यात मोत्स्किनला थेटर होतं, त्यामुळे तिकीटखिडकीवर काय चालतं हे त्याला पोरवयातच कळलेलं. मेनाहेम आधी नाटकवाला. लंडनला ओल्ड विकच्या नाट्यशाळेत शिकला, मग न्यूयॉर्कला सिनेमा शिकला, आणि रॉजर कॉर्मनच्या युनिटमध्ये काम केलं. हा कॉर्मन म्हणजे कमी पैशात, कमी दिवसांत पिक्चर उडवणारा अमेरिकेतला सगळ्यात तयारीचा माणूस, आणि गोलाननं त्याच्याकडनं जे उचललं ते जन्मभर सोडलं नाही. १९६३ मध्ये परत येऊन स्वतःचा पहिला पिक्चर केला, 'एल डोराडो', आणि भावाला घेऊन 'नोआ फिल्म्स' काढली.

त्या वेळच्या इस्रायलचं एक लक्षात घ्या. तिथे साधं टीव्ही प्रसारण १९६८ पर्यंत नव्हतंच. म्हणजे करमणूक म्हटलं की थेटर. आणि सरकारनं १९५४ मध्येच देशी सिनेमाला उत्तेजन देणारा कायदा केलेला, पुढे तिकिटावरच्या करातला काही हिस्सा निर्मात्याला परत मिळायला लागला. आपल्याकडे मराठी चित्रपटांना करपरतावा मिळायचा तो आठवा, साधारण तसंच. आता हिशोब सोपा आहे, जितकी तिकिटं जास्त तितका परतावा जास्त, मग निर्माता समीक्षकाकडे बघेल का पब्लिककडे? पब्लिककडेच बघणार. गोलान तर आधीपासूनच पब्लिकचा माणूस.

त्याला पहिलं मोठं यश मिळालं ते निर्माता म्हणून, १९६४ चा 'सल्लाह शबाती'. दिग्दर्शक एफ्राइम किशोन, हीरो टोपोल. हा सल्लाह म्हणजे पूर्वेकडच्या, म्हणजे अरब मुलखासारख्या, कुठल्यातरी देशातून बायकापोरांचं लटांबर घेऊन विमानातून उतरलेला, कामाचा कंटाळा असलेला बाप्या. त्याला पत्र्याच्या तात्पुरत्या छावणीत टाकतात, त्या छावण्यांना तिथे 'माबारा' म्हणायचे, आणि घर काही मिळत नाही. एक सीन असा की देणगीदारांच्या नावाने जंगल लावतायत, एक देणगीदार गेला की त्याच्या नावाचा बोर्ड काढून दुसऱ्याचा लावतात, झाडं तीच. आणि शेवटी त्याला कळतं की सरकारकडून जे मागावं त्याच्या उलट मिळतं, म्हणून सगळे मोर्चा काढतात की आम्हाला घरं नकोत, आम्हाला छावणीतच राहू द्या! देशाची लोकसंख्या तेव्हा २५ लाखांच्या आसपास आणि या पिक्चरची तिकिटं खपली जवळजवळ १२ लाख. इस्रायलचं ऑस्करचं पहिलं नामांकनही यालाच.

इथे आपला एक खरा धागा आहे. त्या छावण्यांत आपल्या कोकणातले, अलिबाग-पेण-मुंबईकडचे मराठी बोलणारे बेने इस्रायलीही होते. घरं, कामं, वागणूक यावरून त्यांनी १९५० नंतर तिथे धरणी धरली, काही तर परत भारतात आले. लग्नाच्या बाबतीत तिथले धर्मगुरू त्यांना पूर्ण यहुदी मानायला खळखळ करत होते, त्यावर मोठं आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये सरकारला त्यांच्या बाजूनं बोलावं लागलं, म्हणजे ज्या वर्षी सल्लाह थेटरात लागला त्याच वर्षी. हे ठाऊक असलं की ती कॉमेडी बघताना हसता हसता आत कुठेतरी टोचतं.

अशा पिक्चरांची मग रांगच लागली. गरीब पूर्वेकडचा पोरगा, श्रीमंत युरोपीय घरातली पोरगी, दोन्हीकडच्या बापांचं भांडण, शेवटी लग्न. तिथे यांना 'बुरेकस' पिक्चर म्हणतात, बुरेकस म्हणजे रस्त्यावर मिळणारी चीज-बटाटा भरलेली पेस्ट्री, आपल्याकडे 'वडापाव पिक्चर' म्हटल्यासारखं समजा. समीक्षक चिडायचे, म्हणायचे की पूर्वेकडच्या लोकांची टिंगल करून तुम्ही युरोपीय वंशाची माणसं पैसे कमावताय, आणि या बोलण्यात तथ्य आहेच, खुद्द सल्लाहचं काम करणारा टोपोल त्या वंशाचा नव्हता. पण दुसरी बाजू अशी की पडद्यावर आपल्यासारखी बोलणारी, खाणारी, भांडणारी माणसं त्या प्रेक्षकाला पहिल्यांदाच दिसत होती, आणि तो थेटर भरत होता. या प्रकारातला गोलाननं स्वतः दिग्दर्शित केलेला सगळ्यात गाजलेला म्हणजे १९७३ चा 'कझाब्लान', तेल अवीवला लागून असलेल्या जुन्या याफाच्या गल्ल्यांमध्ये शूट केलेला संगीतपट, येहोराम गाओनची गाणी. याचीही तिकिटं १२ लाखांच्या घरात. आणि महत्त्वाचं म्हणजे गोलाननं तो हिब्रू आणि इंग्रजी असा दोन्ही भाषांत केला. त्याचा डोळा तेव्हाच बाहेरच्या बाजारावर होता.

१९७६ मध्ये युगांडातल्या एंटेबी विमानतळावरून अपहृत विमानातल्या ओलिसांची इस्रायली लष्करानं सुटका केली, त्यावर हॉलिवूडनं घाईघाईत पिक्चर काढले. गोलाननं इस्रायली लष्कराची मदत घेऊन १९७७ मध्ये 'ऑपरेशन थंडरबोल्ट' केला आणि तो ऑस्करच्या नामांकनात गेला. दिग्दर्शक म्हणून माझ्या मते हेच त्याचं सगळ्यात चांगलं काम, कारण इथे त्याचा वेग आणि विषयाची निकड जुळून येते. मग १९७८ ला त्यांच्याच बॅनरखाली बोआझ डेव्हिडसनचा 'लेमन पॉप्सिकल' आला, पोरांच्या वयात येण्याची गोष्ट, तो देशात १३ लाखांच्या आसपास लोकांनी बघितला आणि जर्मनी-जपानमध्येही तुफान चालला.

आता विचार करा, इतकं यश आणि तरी हा माणूस १९७९ मध्ये गाशा गुंडाळून अमेरिकेला का गेला? कारण देश छोटा. अख्ख्या देशानं तुमचा पिक्चर बघितला तरी आकडा तेवढाच राहणार, आणि आता घराघरात टीव्ही आलेला. भावांनी मिळून ५ लाख डॉलरला कॅनन नावाची बुडीत चाललेली छोटी अमेरिकन कंपनी विकत घेतली. इथून खरा खेळ सुरू होतो.

हा खेळ समजायला नारायणगाव डोळ्यासमोर आणा. पाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येतात, आपल्या जत्रेची तारीख सांगतात, घासाघीस होते आणि सुपारी फुटते. खेळ अजून झालेला नाही, पण फडमालकाच्या हातात इसार आलेला असतो आणि त्या जोरावर तो पुढची जुळवाजुळव करतो. सिनेमाच्या दुनियेतलं नारायणगाव म्हणजे फ्रान्समधलं कान. तिथे महोत्सवासोबत बाजार भरतो. गोलान तिथे काय घेऊन जायचा? पोस्टर. पिक्चर नाही, बऱ्याचदा कथासुद्धा नाही, फक्त नाव, स्टारचा चेहरा आणि एक दणदणीत ओळ. जर्मनीचा वितरक आला, त्याला जर्मनीपुरते हक्क विकले, जपानच्या माणसाला जपानपुरते, व्हिडिओ कंपनीला कॅसेटचे. याला प्री-सेल म्हणतात.

पण यात एक गोम आहे, ती नीट समजून घ्या. वितरक सगळे पैसे लगेच देत नाही. सही करताना थोडा इसार देतो आणि बाकीचे पिक्चर हातात आल्यावर. मग शूटिंगला पैसे कुठले? तर निर्माता ते सह्या केलेले करार घेऊन बँकेत जातो. म्हणतो, हे बघा, पिक्चर दिला की इतक्या देशांमधून इतके पैसे येणारेत, याच्यावर कर्ज द्या. आपण एफडीवर कर्ज काढतो तसं हा करारावर काढतो. नेहमीच्या बँकरनं हे ऐकूनच बाहेरचा रस्ता दाखवला असता, पण हॉलंडमध्ये फ्रान्स आफमन नावाचा बँकर होता, पुढे तो क्रेडी लिओने या फ्रेंच बँकेच्या डच शाखेत होता, त्यानं या करारांवर कर्ज देण्याचा धंदाच उभा केला आणि कॅनन त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी.

आकड्यांत सांगतो, हे आकडे निव्वळ समजावण्यासाठी घेतलेत. पिक्चरला ५० लाख डॉलर लागणार. परदेशी हक्क विकून ३० लाखांचे करार झाले, व्हिडिओचे १५ लाख, टीव्हीचे १० लाख, झाले ५५ लाख. म्हणजे कॅमेरा सुरू होण्याआधीच ५ लाख वर, आणि अमेरिकेतल्या थेटरचा गल्ला अजून आपल्याच हातात. धोका जवळजवळ शून्य. ऐकायला इतकं भारी वाटतं की सगळेच असं का करत नाहीत असा प्रश्न पडतो. याची किंमत अशी की पिक्चर जर्मनीत तुफान चालला तर वरचा मलिदा बहुतेक करून जर्मन वितरक खाणार, कारण तुम्ही तो आधीच विकलाय. म्हणजे बुडायची भीती कमी पण घबाडही नाही. दर पिक्चरमागे सुटतं थोडं, मग उपाय एकच, पिक्चर वाढवा. दहा करा, वीस करा, चाळीस करा. आणि एकदा सुपारी घेतली की ताप असो पाऊस असो, पिक्चर द्यावाच लागतो, नाहीतर करार रद्द आणि बँक दारात.

पहिली काही वर्षं मात्र सगळं जुळून आलं, कारण नेमकी तेव्हाच घरोघरी व्हिसीआर येत होते. कॅसेटच्या नव्या दुकानांना फळ्या भरायला माल पाहिजे होता आणि मोठे स्टुडिओ इतका माल काढतच नव्हते. गोलान काढत होता. १९८१ ला त्यानं स्वतः मनिलात 'एंटर द निन्जा' केला. मूळ कराटेवाल्या माइक स्टोनला बाजूला करून इटालियन स्टार फ्रँको नीरोला हीरो केलं, मारामारी येईना तरीही, कारण पोस्टरवर चेहरा ओळखीचा पाहिजे, आणि स्टोननं त्याच्या बदली स्टंट केले. त्यातला व्हिलन शो कोसुगी इतका आवडला लोकांना की निन्जाची लाटच आली, आपल्याकडच्या गल्लीतली पोरं डोक्याला काळं फडकं बांधून फिरत होती ती त्याच लाटेत. १९८४ ला ब्रेकडान्सवर 'ब्रेकिन'. दुसरी कंपनी याच विषयावर पिक्चर करतेय हे कळल्यावर यांनी धावतपळत आपला महिनाभर आधी लावला, जेमतेम १२ लाख डॉलरच्या आसपास खर्च आणि अमेरिकेत गल्ला ३ कोटी ८० लाख. चक नॉरिसच्या 'मिसिंग इन ॲक्शन'चे दोन भाग केले होते, दुसरा म्हणून केलेला जास्त रंगला तर तोच आधी सोडला, आणि पहिल्याला 'दोन' नंबर दिला! १९८६ चा 'डेल्टा फोर्स' गोलाननं स्वतः इस्रायलमध्ये शूट केला, आदल्याच वर्षीच्या विमान अपहरणावर.

आणि इथे मला थांबून एक गोष्ट सांगायचीच आहे, कारण ती सगळे विसरतात. निन्जाच्या याच पैशातून गोलाननं जॉन कॅसाव्हेटिस या अमेरिकन दिग्दर्शकाला 'लव्ह स्ट्रीम्स' करू दिला, ज्याला १९८४ ला बर्लिन महोत्सवाचं पहिलं बक्षीस, सुवर्ण अस्वल, मिळालं. रशियातून आलेल्या आंद्रेई कोंचालोव्स्कीला 'रनअवे ट्रेन' दिला, त्याला तीन ऑस्कर नामांकनं. फ्रेंच दिग्दर्शक गोदारबरोबर तर १९८५ ला कानमध्ये बसून हॉटेलातल्या नॅपकिनवर करार केला. या लोकांना त्या काळी मोठे स्टुडिओ दारात उभे करत नव्हते. समीक्षकांकडून शाबासकी पाहिजे होती म्हणून केलं असं म्हणतात, असेलही, पण पिक्चर तर झाले ना! ज्याला सिनेमाची मनापासून ओढ नाही तो माणूस असल्या नॅपकिनवर सही करत नाही.

मग बिघडलं कुठे? दोन ठिकाणी, एक पडद्यावर आणि एक वहीत.

वहीतलं आधी, ते किचकट आहे पण जमेल. पिक्चरचा खर्च कंपनी एकाच वर्षात दाखवत नाही, जसजसं उत्पन्न येतं तसतसा थोडा थोडा दाखवते. समजा खर्च ५० लाख, आणि तुम्ही अंदाज लिहिला की पिक्चर एकूण १ कोटी कमावणार. पहिल्या वर्षी ४० लाख आले, म्हणजे एकूण अंदाजाच्या ४० टक्के, म्हणून खर्चाचेही ४० टक्के म्हणजे २० लाख दाखवायचे. नफा २० लाख, शेअरवाले खूश. पण अंदाजच चुकीचा असेल आणि पिक्चर एकूण ५० लाखच कमावणार असेल तर? मग ४० लाख म्हणजे ८० टक्के झाले, खर्च दाखवावा लागणार ४० लाख आणि नफा शून्य. म्हणजे पिक्चर तोच, आलेले पैसे तेच, फक्त आशा जास्त लिहिली की नफा दिसतो. कॅननचे अंदाज फारच आशावादी आहेत असं अमेरिकेच्या शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेला वाटलं, चौकशी लागली, हिशोब नव्यानं मांडावे लागले आणि १९८६ च्या वर्षात मोठा तोटा उघड झाला. त्याच वर्षी भावांनी १७ कोटी ५० लाख पौंडांना ब्रिटनच्या थॉर्न इएमआय कंपनीची अख्खी सिनेमा शाखा घेतली होती, एल्स्ट्री स्टुडिओ, थेटरं, जुन्या पिक्चरांचा खजिना सगळं, आणि तेही कर्ज काढून.

पडद्यावरचं असं की छोट्या पिक्चरला जे गणित लागू पडतं ते मोठ्याला पडत नाही. गोलानला आता मोठ्यांच्या पंगतीत बसायचं होतं. १९८७ ला पंजा लढवण्यावरचा 'ओव्हर द टॉप' त्यानं स्वतः दिग्दर्शित केला. स्टॅलोन नाही म्हणत होता तर आकडा वाढवत वाढवत नेला, १ कोटी २० लाख डॉलर दिले असं तेव्हा सगळीकडे छापून आलं, आणि पिक्चरनं अमेरिकेत १ कोटी ६० लाखच केले. त्याच वर्षी 'सुपरमॅन ४'. बजेट ठरलं होतं ३ कोटी ६० लाख, ऐन वेळी १ कोटी ७० लाखांवर आणलं, कारण एकाच वेळी तीसएक पिक्चर ओढायचे होते आणि हातात रोकड नव्हती. न्यूयॉर्कमधलं संयुक्त राष्ट्रांचं ऑफिस म्हणून इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स दाखवलं, उडण्याचा एकच शॉट पुन्हा पुन्हा वापरला. निन्जात हे खपून गेलं असतं, तिथे कुणी बारकाईनं बघत नाही, पण सुपरमॅनचे आधीचे भाग लोकांनी बघितले होते. त्यात कॅसेटची बाजारपेठही आता भरत आलेली, दुकानदार निवडून माल घ्यायला लागला. तयार करारांवर नवं कर्ज, नव्या कर्जातून जुनं देणं, हे चक्र एका जागी अडलं की अख्खं थांबतं, तसं थांबलं. जियानकार्लो पारेत्ती नावाचा इटालियन धनको कंपनीत घुसला आणि १९८९ ला गोलान बाहेर पडला. भावाशीही फाटलं. १९९० मध्ये लांबाडा नाचाची लाट आली तर दोघांनी वेगवेगळ्या कंपन्यांमधून लांबाडावर वेगवेगळे पिक्चर काढले आणि ते एकाच दिवशी थेटरात लागले. बघितलं की वाईट वाटतं, इतकी वर्षं एका दमानं काम केलेली माणसं.

बाहेर पडताना गोलाननं एक गोष्ट सोबत नेली, स्पायडरमॅन. १९८५ मध्ये कॅनननं मार्व्हल या कॉमिक्स कंपनीकडून त्याचे पिक्चरचे हक्क २ लाख २५ हजार डॉलरला घेतले होते, पाच वर्षांसाठी. इतके स्वस्त, कारण तेव्हा असल्या कॉमिक्सची किंमतच तेवढी होती. सुरुवातीला तर गोलानची समजूत अशी की हा माणसाचा कोळी झालेला राक्षस आहे आणि भयपट करायचा! मग पैसे उभे करायला त्यानं आपली नेहमीची पद्धत वापरली, टीव्हीचे हक्क एका कंपनीला, व्हिडिओचे दुसरीला, थेटरचे तिसरीला. पण पिक्चर झालाच नाही, त्याची नवी कंपनी बुडाली, थेटरचे हक्क घेतलेली कंपनी बुडाली, खुद्द मार्व्हल दिवाळखोरीत गेलं, आणि कुणाकडे नेमकं काय आहे हे ठरवायला वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली. १९९९ ला गुंता सुटून सगळं सोनीकडे गेलं. २००२ ला स्पायडरमॅन लागला तेव्हा अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांतच ११ कोटी डॉलरच्या वर गल्ला जमला. प्री-सेलमध्ये काय होऊ शकतं याचं यापेक्षा बोलकं उदाहरण मला तरी माहीत नाही, वस्तू हातात होती, पण तुकडे करून आधीच वाटून टाकलेली.

गोलान नंतर इस्रायलला परतला आणि छोटे छोटे पिक्चर करतच राहिला. १९९९ ला त्याला इस्रायल पुरस्कार मिळाला, तो तिथला सर्वोच्च सांस्कृतिक सन्मान मानतात. ज्या समीक्षकांनी तीस वर्षं त्याला झोडपलं त्यांच्याच देशानं दिला. आणि द्यायलाच हवा होता, कारण तिथल्या कितीतरी कॅमेरामननी, एडिटरनी, नटांनी कामाचे धडे त्याच्या सेटवर गिरवले. बोआझ डेव्हिडसन तर पुढे हॉलिवूडमध्येच निर्माता झाला.

२०१४ मध्ये दोघा भावांवर हिला मेदालियानं केलेली डॉक्युमेंटरी कानला दाखवली, जिथे कधीकाळी गोलान पोस्टर मांडून बसायचा तिथेच. तो स्वतः ती बघायला गेला होता. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ८ ऑगस्टला, वयाच्या ८५ व्या वर्षी तो याफामध्ये गेला, कझाब्लानच्या गल्ल्या जिथे आहेत तिथे.